स्पायडर-व्हर्स : आधी पातळ अंक, मग जाडजूड खंड

‘स्पायडर-व्हर्स’ या नावाखाली आज तीन गोष्टी समोर येतात: मार्व्हलच्या २०१४-१५च्या कॉमिक मालिकेचा एकत्रित खंड, २०१८चा ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ आणि २०२३चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हे दोन अ‍ॅनिमेशनपट. तिन्हींत वेगवेगळ्या विश्वांतले स्पायडर-मॅन एकमेकांना भेटतात. चित्रपट बघून भारावलेला प्रेक्षक सरळ जाऊन खंड मागवतो आणि शंभरेक पानांनंतर मिटून ठेवतो. त्यात चित्रपटांचा नायक माइल्स मोरालेस एका कोपऱ्यात आहे, किंगपिनचं ते यंत्र नाही, ती उडी नाही आणि बापलेकाची गोष्टही नाही. हा खंड वाईट म्हणून नव्हे, तर चुकीच्या अपेक्षेने उघडल्यामुळे बाजूला पडतो.

चित्रपटांनी मुख्य कथेतून फार थोडं घेतलं. जे घेतलं ते त्या कथेच्या तोंडावर आलेल्या ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’ या पाच सुट्या अंकांतून, आणि त्यातही दुसऱ्या व पाचव्या अंकातून. मल्टिव्हर्सची, म्हणजे अनेक समांतर विश्वांची, गोष्ट लिहायची तर प्रत्येक विश्वाला स्वतःचा हात, स्वतःची रेघ आणि स्वतःचा रंग हवा, हे त्या पातळ अंकांना कळलं होतं. मुख्य मालिकेला ते पूर्ण साधलं नाही. चित्रपटांनी नेमका तोच धागा उचलला. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवावा: आधी ते अंक, मग चित्रपट, आणि गोडी लागली तर मोठा खंड.

आधी खंडाबद्दल. २०१५ साली आलेली ही हार्डकव्हर आवृत्ती साडेसहाशे पानांच्या घरात जाते. मुख्य कथा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २०१४च्या मालिकेतल्या ९ ते १५ या सात अंकांत आहे. लेखन डॅन स्लॉटचं, चित्रं ऑलिव्हिए क्वापेल आणि जुझेप्पे कामुनकोली यांची. मॉर्लन हा खलनायक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांनी २००१ साली आणला होता. कोळ्याची शक्ती असलेल्या माणसाचं सत्त्व शोषून तो जगतो. स्लॉटने त्याला ‘इन्हेरिटर्स’ नावाचं अख्खं घराणं दिलं: बाप सोलस आणि डीमॉस, व्हर्ना, जेनिक्स, ब्रिक्स, बोरा, कार्न ही भावंडं. ही सगळी मंडळी या विश्वातून त्या विश्वात शिकार करत हिंडतात आणि उरलेसुरले स्पायडर-मॅन एकत्र येऊन लढतात.

कल्पना भव्य आहे, आणि मधल्या दोन-तीन गोष्टी खरोखर उत्तम साधल्यात. सगळ्यांत चांगला धागा ऑटो ऑक्टेव्हियसचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा जुना शत्रू डॉक्टर ऑक्टोपसचा. आधीच्या मालिकेत काही काळ पीटर पार्करच्या, म्हणजे मूळ स्पायडर-मॅनच्या, शरीरात ऑटोचं मन होतं. त्याच्या आयुष्यातल्या एका गाळलेल्या दिवसात तो भविष्यात फेकला जातो आणि तिथून स्वतःची फौज जमवतो. ‘सुपीरियर स्पायडर-मॅन’च्या ३२ आणि ३३व्या अंकांत हे येतं. पुढे त्याची गाठ खऱ्या पीटरशी पडते. पीटर जिवंत आहे, म्हणजे आपण पुढे हरणार आहोत, हे ऑटोच्या हळूहळू लक्षात येतं. एकाच माणसाचे दोन दावेदार, त्यातल्या एकाचा शेवट दुसऱ्याला आधीच ठाऊक. मल्टिव्हर्स आणि काळाचा खेळ यांतून निघालेला हा पेच भावनेच्या पातळीवर खरा वाटतो. तो नुसता करामतीचा राहत नाही.

दोष तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले.

पहिला मृत्यूंचा. नवा स्पायडर-मॅन येतो, त्याच्या जगाची झलक दोन-चार चौकटींत दिसते आणि इन्हेरिटर्स त्याला संपवतात. पहिल्या दोन-तीन वेळा धक्का बसतो. नंतर वाचक मोजायला लागतो, आणि मोजायला लागला की हळहळणं थांबतं. ज्याची ओळखच झाली नाही त्याच्यासाठी कोण रडणार?

दुसरा दोष चित्रांचा, आणि तो वरवर बघता गुण वाटतो. क्वापेल फार मोठ्या ताकदीचा चित्रकार आहे. गर्दीच्या दुपानी चित्रात पन्नास वेगवेगळे मुखवटे असले तरी प्रत्येकाचा तोल, प्रत्येकाची उभं राहण्याची ढब निराळी दिसते. पण तो हे सगळं एकाच हाताने, एकाच वळणात काढतो. तोएईच्या १९७८च्या जपानी मालिकेतला रोबोवाला स्पायडर-मॅन, डुक्कर असलेला स्पायडर-हॅम, जुन्या काळोख्या गुन्हेपटांच्या (नुआर) धाटणीचा कोटवाला हे सारे एकाच शाईत आणि एकाच रंगसंगतीत उतरतात. वेगवेगळ्या विश्वांतून आल्याचं त्यांच्या पोशाखावरून आणि बोलण्यावरून कळतं, कागदावरून कळत नाही. ‘स्पायडर-व्हर्स टीम-अप’च्या एका भागात माइल्स १९६७च्या कार्टूनच्या जगात जातो, तिथे मात्र चित्रशैली बदलते आणि तेवढी पानं एकदम जिवंत होतात. हेच सगळीकडे करायला हवं होतं.

तिसरा दोष रचनेचा. मोठ्या घटना मुख्य अंकांबाहेर घडतात. इन्हेरिटर्स मेले तरी जेनिक्सच्या यंत्रशाळेत त्यांना नवं शरीर मिळतं, म्हणून ती यंत्रशाळा उद्ध्वस्त करणं हा युद्धाचा कणा. पण हे घडतं ‘स्कार्लेट स्पायडर्स’च्या तीन अंकांत, जिथे पीटरचा क्लोन बेन रायली त्यासाठी प्राण देतो. किरणोत्साराने उजाड झालेल्या ज्या पृथ्वीवर इन्हेरिटर्स तग धरू शकत नाहीत, तिथे सिल्क ही स्पायडर-नायिका पोहोचते हे कळायला ‘स्पायडर-वुमन’चे अंक लागतात. नुसती मुख्य मालिका वाचणाऱ्याला या गोष्टी संवादातून ओझरत्या कळतात आणि शेवट हवेतून पडल्यासारखा वाटतो. अमेरिकी कॉमिक्समध्ये मोठ्या मालिकेच्या आजूबाजूला लहान मालिका विकायची ही जुनी रीत आहे. वाचकाला तिची किंमत वेळेतही मोजावी लागते आणि पैशातही.

त्यामुळे खंड हाती घेतलाच तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचू नये. सुरुवात ‘सुपीरियर’ ३२ आणि ३३ने करावी. मग ‘एज’ २ आणि ५. मग ‘अमेझिंग’ ९, १०, ११. इथे थांबून ‘स्कार्लेट स्पायडर्स’ १ ते ३ आणि ‘स्पायडर-वुमन’ १ ते ३ संपवावेत. त्यानंतर ‘अमेझिंग’ १२ ते १५ एका बैठकीत. ‘अमेझिंग’चे ७ आणि ८ तसेच ‘स्पायडर-मॅन २०९९’चे ६ ते ८ पहिल्या वाचनात सोडले तरी गोष्ट कुठे तुटत नाही. ‘टीम-अप’चे अंक चवीसाठी मधे मधे वाचावेत. मोठा खंड असा अर्ध्यावर येतो आणि दुप्पट चांगला वाटतो.

मागवताना सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. ‘स्पायडर-व्हर्स’ याच नावाची एक मालिका २०१५ साली ‘सीक्रेट वॉर्स’ या मार्व्हलच्या मोठ्या कथानकाच्या निमित्ताने आली, तिच्या पुस्तकावर ‘वॉरझोन्स’ असं उपशीर्षक असतं. त्याच नावाची आणखी एक सहा अंकी मालिका २०१९मध्ये सुरू झाली. ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’ हे नावही २०२२ साली पुन्हा वापरलं गेलं. २०१८चं ‘स्पायडर-गेडन’ हा इन्हेरिटर्सचा पुढचा हल्ला. मुखपृष्ठावर सगळीकडे तीच मुखवट्यांची गर्दी, त्यामुळे चित्र बघून ओळखता येत नाही. प्रकाशनवर्ष आणि आत कुठले अंक आहेत ती ओळ वाचूनच पैसे द्यावेत. ग्वेनचा पहिला अंक कागदावर हवा असेल तर सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे ‘स्पायडर-ग्वेन’चा शून्यावा खंड, ‘मोस्ट वॉन्टेड’. त्यात ‘एज’चा दुसरा अंक आणि तिच्या स्वतःच्या २०१५च्या मालिकेचे पहिले पाच अंक एकत्र मिळतात.

कागदाची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. अमेरिकी कॉमिकचं पान साधारण १७ सेंटिमीटर रुंद आणि २६ उंच. सुट्या अंकाला मधोमध दोन टाचण्या असतात, तो सपाट उघडतो. साडेसहाशे पानांचा खंड मध्यावर सपाट उघडत नाही, आणि क्वापेलची दुपानी चित्रं मधल्या घळीत दोन्ही बाजूंनी थोडी थोडी गिळली जातात. चिकटवलेल्या बांधणीच्या पेपरबॅकमध्ये हे जास्त होतं आणि जोर लावून दाबलं तर पाठ तडकते. नवा जाड खंड उघडताना आधी दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवावेत, मग पुढून दहा-पंधरा आणि मागून दहा-पंधरा पानं आळीपाळीने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यावं. पाठीवर एकदम ताण येत नाही. डिजिटल वाचायचं असेल तर दहा इंचांहून लहान पडदा नको. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, पण ती पानाची रचना मोडते, आणि ‘एज’च्या दुसऱ्या अंकात रचनेलाच मोल आहे.

त्या अंकाकडे आता नीट बघू. लेखन जेसन लाटूर, चित्रं रॉबी रॉड्रिगेझ, रंग रिको रेन्झी, साल २०१४. ग्वेन स्टेसी हे नाव स्पायडर-मॅनच्या वाचकांना मरणासाठी माहीत. १९७३ साली ती पुलावरून पडली आणि कॉमिक्सचा सूरच बदलला. लाटूरच्या विश्वात, म्हणजे पृथ्वी ६५वर, कोळी चावतो तो ग्वेनला. पीटर तिच्यासारखं व्हायच्या हट्टाने स्वतःला लिझर्ड, म्हणजे सरड्यासारखा राक्षस, करून घेतो आणि मरतो. ठपका ग्वेनवर येतो. ती ‘मेरी जेन्स’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवते, बाप पोलीस कॅप्टन, आणि बापाकडेच मुखवट्यामागच्या मुलीला पकडायची जबाबदारी. हे सगळं वीसेक पानांत. रेन्झीचा गुलाबी आणि हिरवट निळा पाहून आपण रोजच्या मार्व्हलमध्ये नाही हे पहिल्या पानावरच कळतं. रॉड्रिगेझची रेघ टोकदार, घाईची, बँडच्या भित्तिपत्रकासारखी. शेवटी बाप पिस्तूल रोखतो, ती मुखवटा काढते आणि बाप तिला निघून जायला सांगतो. बोलणं मोजकं, चेहरे जवळ. एवढ्यावर या व्यक्तिरेखेला स्वतःची मालिका मिळाली.

पाचवा अंक जेरार्ड वे आणि जेक वायट यांचा. चौदा वर्षांची पेनी पार्कर बापाच्या जागी यंत्रचिलखत चालवते, आणि त्या चिलखताचा अर्धा मेंदू म्हणजे एक जिवंत कोळी. पोरीला तो चावू द्यावा लागतो, तेव्हाच दोघांची मनं जुळतात. काका-मावशीच तिला या कामाला लावतात. हा अंक थंड आणि एकाकी आहे. चित्रपटातली उड्या मारणारी गोंडस पेनी आठवून जो हा उघडेल तो चमकेल. पहिला अंक नुआर, मंद उजेडाचा, बरा. तिसरा सर्वसाधारण. चौथी थेट भयकथा आहे, लहान मुलांच्या हाती तो अंक देऊ नये.

समांतर पृथ्वीची कल्पना या लोकांनी शोधलेली नाही, हेही सांगायला हवं. मार्व्हलचा प्रतिस्पर्धी प्रकाशक डीसी, त्याच्या ‘फ्लॅश’ मालिकेच्या १२३व्या अंकात, सप्टेंबर १९६१मध्ये, गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी जुन्या आणि नव्या फ्लॅशची भेट घडवली आणि दुसरी पृथ्वी जन्माला आली. जुन्या वाचकांची पात्रं जपायची आणि नव्यांनाही दुखवायचं नाही, ही त्यामागची गरज. पुढे पृथ्व्या इतक्या वाढल्या की १९८५-८६मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ने त्या एकत्र गुंडाळल्या. मार्व्हलच्या मुख्य विश्वाचा ६१६ हा आकडा ब्रिटनमधल्या कॅप्टन ब्रिटनच्या गोष्टींतून आला. माइल्स मोरालेसचं मूळ विश्व १६१०: ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी २०११ साली ‘अल्टिमेट फॉलआउट’च्या चौथ्या अंकात त्याला आणलं. एवढे आकडे लक्षात असले की पुढची सगळी पुस्तकं वाचता येतात.

आता चित्रपट. ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ ११७ मिनिटांचा, दिग्दर्शक बॉब पर्सिकेटी, पीटर रॅम्सी आणि रॉडनी रॉथमन. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं आणि ते योग्यच होतं. लेखकांनी पहिलं काम केलं ते इन्हेरिटर्सना काढून टाकण्याचं. खलनायक एकच, किंगपिन, आणि त्याला जग नको आहे, गेलेली बायको आणि मुलगा परत हवा आहे. त्यासाठी त्याने विश्वांची भिंत फोडणारं यंत्र बांधलंय. नियमही एकच: परक्या विश्वात आलेल्याच्या पेशी विस्कटत जातात, मधूनच शरीर झटके खाऊन फुटल्यासारखं दिसतं. एका नियमात घड्याळ आलं, धोका आला आणि शेवटी कोणीतरी मागे राहून यंत्र बंद करायचं, हा पेचही आला. सात अंकांत भविष्यवाण्या, रक्त, जाळं विणणारा आणि तीन निवडलेले जीव यांनी जे भागलं नाही, ते इथे एका वाक्यात भागलं.

दुसरं काम चित्राचं. सेकंदाला २४ फ्रेम असतात. नेहमीच्या संगणकी अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला आकृती हलते. इथे बहुतेक वेळा एक ठेवण दोन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला १२ ठेवणी. त्यामुळे हालचालीला छापील चौकटींसारखा टणकपणा येतो. जंगलातल्या पळापळीत याचा वापर बघण्यासारखा आहे. जाळ्यावर झोके घ्यायला शिकणारा माइल्स १२वर हलतो, शेजारचा मुरलेला पीटर बी. पार्कर २४वर. माइल्स अडखळतोय हे संवादाशिवाय डोळ्याला कळतं. पुढे तो सरावतो तशी त्याची हालचालही सफाईदार होते. वेगात हलणारी वस्तू धूसर करायची पद्धतही इथे जवळजवळ नाही. चित्र थांबवून बघितलं तर हात स्वच्छ दिसतो, शेजारी वेगाच्या रेघा काढलेल्या असतात, कधी एकाऐवजी तीन हात असतात.

दूरची वस्तू धूसर करण्याऐवजी रंग एकमेकांपासून सरकवलेत. जुन्या रंगीत छपाईत एकेका रंगाचा ठसा थोडा हुकला की चित्राच्या कडेला लाल-निळी किनार दिसायची, तेच. पहिल्यांदा बघणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की हा त्रिमिती चित्रपट चष्म्याशिवाय चाललाय. तसं नाही, ही मुद्दाम केलेली गोष्ट आहे. सावलीत आडव्या रेघा आणि उजेडात ठिपके आहेत, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना शाईची रेघ आहे. कोळी चावल्यानंतर माइल्सच्या मनातलं बोलणं पडद्यावर चौकोनांत उमटायला लागतं. त्याआधी ते नसतं.

ती उडी मात्र जवळून बघावी. शाळेत ग्वेनच्या केसांना माइल्सचा हात चिकटतो तेव्हापासून आपल्याला कळलेलं असतं की तो घाबरला की चिकटतो आणि ते त्याच्या ताब्यात नाही. इमारतीच्या टोकावरून तो झेप घेतो त्या क्षणीही बोटं काचेला चिकटलेलीच असतात. काच फुटते, तुकडे बोटांबरोबर निघून येतात. म्हणजे भीती गेलेली नाही, तिच्यासकट तो निघालाय. आणि मग कॅमेरा उलटा होतो. खाली पडणारा मुलगा चौकटीत वर जाताना दिसतो, शहर त्याच्या डोक्यावर लटकलेलं. संवाद एक नाही. विश्वं कितीही असोत, गोष्ट या एका पोराची आहे हे या काही सेकंदांत पक्कं होतं.

हे सगळं घरच्या टीव्हीवर सहज बिघडतं. हल्लीचे टीव्ही दोन फ्रेमांच्या मधल्या फ्रेम स्वतःच बनवून चित्र गुळगुळीत करतात. सॅमसंगवर ही सोय ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या संचावर ‘ऑटो मोशन प्लस’ नावाने असते, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. ती चालू असेल तर १२ ठेवणींच्या मधे टीव्ही नसलेल्या ठेवणी घुसवतो, माइल्स आणि पीटर सारखेच हलू लागतात आणि वेगाच्या रेघांभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं. ती पूर्ण बंद करावी, ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडावा. शार्पनेस खाली आणावा, नाहीतर ठिपक्यांभोवती पांढरी किनार येते. जंगलातला प्रसंग लावून तपासावं: पीटर सरसर आणि माइल्स किंचित अडखळत दिसला की जमलं. इंटरनेट संथ असेल तर ठिपक्यांचा चिखल होतो, कारण बारीक ठिपके हीच दाबलेल्या व्हिडिओला सर्वांत जड जाणारी गोष्ट. डिस्क मिळत असेल तर ४केची घ्यावी. तिच्यासोबत ‘अल्टरनेट युनिव्हर्स मोड’ आहे, ज्यात गाळलेले प्रसंग कच्च्या रेखाटनांच्या रूपात जागच्या जागी येतात. पटकथेतून काय आणि का वगळलं हे शिकायला याहून चांगलं साधन नाही. आवाजासाठी निदान स्वस्तातला साउंडबार तरी हवा: पहिल्या चित्रपटातला मुखवटेधारी प्राउलर येताना डॅनियल पेंबर्टनच्या संगीतात हत्तीच्या चीत्कारासारखा जो आवाज घुसतो, तो टीव्हीच्या पातळ स्पीकरमधून निघतच नाही.

‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ १४० मिनिटांचा, दिग्दर्शक जोकिम डॉस सॅन्टोस, केम्प पॉवर्स आणि जस्टिन के. थॉम्प्सन. इथे ‘एज’ अंकांची शिकवण पूर्णत्वाला जाते. ग्वेनचं जग ओल्या जलरंगांचं, आणि तिच्या मनःस्थितीप्रमाणे भिंतींचे रंग उतरतात, ओघळतात. पंक स्पायडर-मॅन हॉबीच्या शरीराला, जाकिटाला आणि गिटारला वेगवेगळी फ्रेमगती आहे, म्हणून तो कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. बंडखोर पोराचं याहून नेमकं चित्रण शब्दांनी झालं नसतं. व्हल्चर हा खलनायक तर लिओनार्दोच्या वहीतून उठून आलेल्या पिवळट कागदाचा आहे.

आणि मुंबॅटन. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेलं, थरावर थर चढलेलं हे शहर रंगवताना कलाकारांनी सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सचा आधार घेतला. ज्यांनी मराठीतून निघणाऱ्या इंद्रजालमधला वेताळ वाचलाय, त्यांना ते भडक पिवळे-जांभळे पट्टे आणि जाड शाई लगेच ओळखू येईल. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. त्याचा मूळ अवतार २००४चा: शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांची चार अंकी ‘स्पायडर-मॅन इंडिया’. त्यात खेड्यातून मुंबईत शिकायला आलेल्या धोतरातल्या पवित्रला एक योगी शक्ती देतो. मेरी जेनची मीरा जैन होते, नॉर्मन ऑस्बोर्नचा नलिन ओबेरॉय. चित्रं सुरेख, पण नावांचा साचा इतका घट्ट की पवित्रला स्वतःचं काही उरत नाही. चित्रपटाने साचा मोडला. हा पवित्र आनंदी, केसांची काळजी घेणारा, स्पायडर-मॅन होऊन सहाच महिने झालेला, आणि अजून कोणतीच ठेच न लागलेला. ‘चाय टी’ म्हटल्यावर तो माइल्सला जे सुनावतो ते घराघरातलं आहे. त्याला पहिली ठेच लागण्याची वेळ येते तेव्हाच माइल्स मधे पडतो आणि पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंगना, वाचवतो. चित्रपटाचा सगळा वाद इथून उभा राहतो, त्यामुळे मुंबॅटन नुसती सहल होत नाही. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत आला. हिंदी आणि पंजाबीत पवित्रचा आवाज शुभमन गिलचा आहे. मूळ इंग्रजीतला करण सोनीचा आवाज जास्त मोकळा, तो आधी ऐकावा.

उणिवा लपवायचं कारण नाही. हा अर्धा चित्रपट आहे. दोन तास वीस मिनिटांनी ऐन पेचावर तुटतो आणि पुढचा भाग अजून हाती नाही. स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल ओहारा ‘कॅनन इव्हेंट’, म्हणजे प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात घडायलाच हवेत असे प्रसंग, समजावतो तो भाग बोलण्याच्या ओझ्याने वाकतो, आणि त्याचा सिद्धांत खरा की त्याच्या दुःखाने घडवलेला, हे मुद्दाम अधांतरी ठेवलंय. प्रदर्शनाच्या सुरुवातीला काही ठिकाणी संवाद संगीताखाली दबल्याच्या तक्रारी आल्या आणि थिएटरांना आवाज वाढवायला सांगावं लागलं. घरीही पहिला अर्धा तास उपशीर्षकं लावून बघावा.

याच काळातले इतर मल्टिव्हर्सपट यांच्याशेजारी ठेवले की फरक दिसतो. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ आधीच्या चित्रपटांतल्या दोन पीटरांना आणतो आणि शेवटी नव्या पीटरला सगळ्यांच्या आठवणीतून पुसतो, म्हणून टिकतो. ‘द फ्लॅश’चा मूळ आधार २०११चं ‘फ्लॅशपॉइंट’. आईला वाचवलेल्या मुलाने टोमॅटोचा डबा परत जागेवर ठेवायचा, हा त्यातला प्रसंग खरा हलवणारा, पण त्याच्या अलीकडे संगणकाने उभे केलेले जुने सुपरमॅन वेगवेगळ्या विश्वांच्या गोलांमधून दाखवण्यात वेळ गेला. ओळखीचा चेहरा दिसला की टाळी पडते, दुसऱ्या खेपेला त्या जागी काहीच उरत नाही.

मुलांसोबत बघायचं असेल तर आठ वर्षांपुढच्यांना पहिला चित्रपट निर्धास्त दाखवावा. दुसरा लांब आहे, मध्यंतर घरी आपणच घ्यावं, मुंबॅटन संपल्यावर. आणि ‘अक्रॉस’ सुरू करण्याआधी ‘एज’चा दुसरा अंक हाताशी ठेवावा. चित्रपट ग्वेनपासूनच सुरू होतो, आणि बापाने पिस्तूल रोखल्यावर ती मुखवटा काढते तो प्रसंग तिथेही येतो. अंकात बाप तिला जाऊ देतो. पडद्यावरचा बाप तिला अटक करायला निघतो, मागचे रंग ओघळून जातात आणि तिला घर सोडावं लागतं. तेच दोघं, तोच मुखवटा, फक्त बापाचं उत्तर वेगळं. अंकाचं शेवटचं पान उघडं ठेवून तो प्रसंग एकदा पुन्हा लावावा.